दुबईतला फ्लॅट बडोद्यातून घेताना करार कसा तपासावा आणि बदलून घ्यावा

रेसकोर्स किंवा अलकापुरीतल्या एखाद्या हॉटेलात दुबईच्या फ्लॅटांचं प्रदर्शन लागतं आणि चहा संपायच्या आत एजंट एका पानाचा फॉर्म पुढे सरकवतो. "अंकल, ये तो सिर्फ युनिट होल्ड करने के लिए है." आपल्याला सवय बानाखताची, म्हणजे गुजरातेतल्या विक्रीच्या साठेखताची. टोकन दिलं, वकिलाने जुने दस्तावेज पाहिले, काही खटकलं तर बसून बोललो. तिकडच्या फॉर्मवर मात्र 'रक्कम परत मिळणार नाही' हे बहुधा बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि मूळ करार हातात येतो तो पैसे भरल्यावर. पैसे गेले की तुमचं कोणी ऐकत नाही, तेव्हा खालची सगळी कामं त्याआधीच उरका.

फॉर्म घरी आणा

तिथल्या तिथे सही करू नका. विक्री कराराचा, म्हणजे एसपीएचा, मसुदा ईमेलवर मागवा. 'बुकिंगनंतरच मिळेल' असं उत्तर आलं तर फॉर्मवर एक ओळ घालून घ्या: "करार हाती आल्यापासून १४ दिवसांत खरेदीदाराला अटी मान्य नसल्यास पूर्ण रक्कम परत दिली जाईल." खाली बिल्डर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का हवा. ब्रोकरच्या सहीला इथे काडीची किंमत नाही.

मग तीन नावं जुळवा: फॉर्मवरची कंपनी, दुबई लँड डिपार्टमेंटकडे नोंदलेला विकासक आणि पैसे ज्यात जाणार ते खातं. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे २००७ च्या कायदा क्रमांक ८ नुसार त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यातच जावे लागतात. प्रकल्पाची नोंद 'दुबई रेस्ट' ॲपवर घरबसल्या दिसते. एजंटने भलत्याच कंपनीचा खाते क्रमांक दिला, किंवा 'कॅश यहीं दे दो, वहाँ जमा हो जाएगा' म्हणाला, तर उठून या. तो सरळ हवाला झाला. क्रेडिट कार्डही घासू नका. घर घेणं हा भांडवली व्यवहार आहे. पैसे ए-२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज, भरून बँकेतूनच गेले पाहिजेत.

नावं आणि हप्ते: पहिली दुरुस्ती इथेच लागते

बहुतेक लोक कराराचं हे पान भरभर उलटतात आणि नेमके इथेच अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. दिरहमचा दर डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, म्हणजे झाले सुमारे ९ लाख १८ हजार दिरहम. समजा फ्लॅट २० लाख दिरहमचा आहे आणि त्यातले ६० टक्के एप्रिल ते मार्चच्या आत भरायचे आहेत. म्हणजे १२ लाख. एकट्याच्या मर्यादेत ते बसत नाहीत. बायकोची मर्यादा वापरायची तर करारात ती सहमालक असली पाहिजे. नुसते तिच्या खात्यातून पैसे पाठवलेले चालत नाहीत. म्हणून एक तर दोघांची नावं घाला, नाहीतर हप्त्यांच्या तारखा अशा मागून घ्या की एक मोठा हप्ता १ एप्रिलनंतर पडेल. सही व्हायच्या आधी सांगितलं तर बिल्डर हे सहसा मान्य करतो.

वर्षात १० लाख रुपयांच्या वर जेवढी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापून घेतलेला आगाऊ आयकर, घेते. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण त्या दिवशी रोकड तर लागतेच.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवा. आपल्याकडे गुजरातच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असा क्रम सर्रास असतो. पासपोर्टवर वेगळा क्रम आणि करारात तिसराच, असं झालं की पुढे मुखत्यारपत्रापासून विक्रीपर्यंत प्रत्येक जागी खुलासे देत बसावं लागतं.

करार शेवटाकडून वाचा

आधी परिशिष्टं वाचा: नकाशा, क्षेत्रफळ, फिटिंग्जची यादी, हप्त्यांचा तक्ता. एजंटने तोंडी दिलेली पार्किंगची जागा, मॉड्युलर किचन, दोन वर्षांचा सर्व्हिस चार्ज माफ, यातलं जे इथे लिहिलेलं नाही ते तुम्हाला मिळणार नाही असंच धरा. करारात बहुतेक वेळा 'याआधीची सर्व बोलणी रद्द' असं कलम असतंच.

नंतर हप्ता चुकल्याचं कलम पाहा. दुबईच्या २००८ च्या कायदा क्रमांक १३ मध्ये, नंतरच्या दुरुस्त्या धरून, बिल्डर किती ठेवून घेऊ शकतो ते ठरलेलं आहे: काम ६० टक्क्यांच्या आत असेल तर २५ टक्क्यांपर्यंत, ६० ते ८० टक्के झालं असेल तर ४० टक्क्यांपर्यंत. हे टक्के फ्लॅटच्या किमतीचे आहेत, तुम्ही भरलेल्या रकमेचे नाहीत. ३० टक्के भरून थांबलेल्या माणसाच्या हाती काय उरेल, ते तुम्हीच मांडून पाहा.

ताब्याच्या तारखेवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मसुद्यात साधारण असं असतं: "अंदाजे पूर्णत्व ३१ डिसेंबर २०२८. विकासक स्वतःच्या निर्णयाने ही मुदत १२ महिने वाढवू शकेल." 'अंदाजे' आणि 'स्वतःच्या निर्णयाने' या शब्दांनी तारखेला काही अर्थच उरत नाही. त्याजागी मागा: "पूर्णत्व ३१ डिसेंबर २०२८. मुदत एकदाच, जास्तीत जास्त सहा महिने, लेखी कारण देऊन वाढवता येईल. त्यानंतर खरेदीदाराला करार रद्द करून पूर्ण रक्कम परत घेता येईल." सहाचे नऊ होतील, परताव्यावर घासाघीस होईल. होऊ दे. कुठलीतरी शेवटची तारीख कागदावर आली म्हणजे झालं.

बदल मागायचे कसे

"स्टँडर्ड काँट्रॅक्ट है, एक शब्द भी नहीं बदलता." हे अर्धं खरं आहे. छापील मजकुराला कंपनी सहसा हात लावत नाही, पण वेगळं पुरवणीपत्र, ज्याला ते ॲडेंडम म्हणतात, जोडायला बऱ्याचदा तयार होते. एका कागदावर तीन रकाने आखा: कलम क्रमांक, मूळ मजकूर, तुमचा मजकूर. मागण्या पाच-सहाच ठेवा. वीस मागितल्या तर एकही वाचली जात नाही. कागद कंपनीच्या ईमेलवर पाठवा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको.

पुरवणीपत्रात एक वाक्य हवंच: "मूळ करार व पुरवणीपत्र यांत विसंगती आढळल्यास पुरवणीपत्र ग्राह्य धरले जाईल." ते नसेल तर बाकीचं कागदावरच राहतं. करार इंग्रजी-अरबी असा दोन भाषांत असेल तर वादात अरबी मजकूर चालतो. म्हणून तुमचे बदल अरबी रकान्यातही उतरले आहेत ना, हे दुबईत परवाना असलेल्या वकिलाकडून पाहून घ्या. दिवाळीपुरा कोर्टातले आपले नेहमीचे वकील फेमा, म्हणजे आपला परकीय चलन कायदा, आणि मुखत्यारपत्र यांसाठी उत्तम, या कामाला नाहीत. अंतिम प्रत आली की ती मसुद्याशी ओळ न् ओळ ताडून मगच प्रत्येक पानावर सही करा.

सही झाल्यानंतरचा बदल दोन्ही बाजूंच्या लेखी सहीनेच करा. 'साहेबांनी फोनवर हो म्हटलंय' हे कुठेच टिकत नाही.

दुबई सोडून

पोर्तुगालमध्ये आधी प्राथमिक करार होतो. खरेदीदार मागे फिरला तर त्याचा विसार बुडतो, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. तिथे कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत, अशी अट आधीच घालून घ्या. थायलंडमध्ये इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्केच परदेशी नावावर होऊ शकतात, तेव्हा तुमचं युनिट त्यात बसतं हे करारात लिहून मागा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात परदेशी खरेदीदारांवर सध्या बंधनं आहेत. मुलगा तिथे आहे म्हणून आई-वडिलांना घर घेता येईलच असं नाही.

स्वतः जाणार नसाल तर मुखत्यारपत्र त्या एका युनिटपुरतं आणि मुदतीचं करा. त्यात 'करारात बदल मान्य करणे' हा अधिकार देऊ नका. पोर्तुगालसाठी त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागेल, दुबईसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा आणि नंतर यूएईच्या दूतावासाचा शिक्का.

दुबईत नोंदणीची ४ टक्के फी कोण भरणार हेही करारात पाहा. बहुतेक ती तुमच्याच माथी असते. नोंदणी झाली की दाखल्यावरचं नाव, युनिट क्रमांक आणि क्षेत्रफळ कराराशी ताडा. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही मालमत्ता दाखवायला सीएला आठवणीने सांगा. ती राहिली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड लागू शकतो.