सल्काटाच्या (आफ्रिकेतलं एक जमिनीवरचं कासव) पिल्लाचं घर, माझा अनुभव
आम्ही ॲरिझोनात फिनिक्सला राहतो, इथली हवा कोरडी ठणठणीत, वर दिवसभर एसी, त्यामुळे उघड्या टबातली माती दुपारपर्यंत सुकायची आणि पिल्लू डोळे मिटून कोपऱ्यात पडून राहायचं, जीव तुटायचा बघून. मग टबला झाकण केलं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपत ओलं ठेवलं, ह्युमिडिटी ८०% वर आली. कोरड्यात वाढलं तर कवचावर उंचवटे येतात आणि ते परत सपाट होत नाहीत. दिव्याखाली ३५ डिग्री, सोबत यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा), ती हवीच. रोज कोमट पाण्यात बसवतो, पाणी हनुवटीखालीच. आता जास्वंदीचं पान दिसलं की मान ताणून तुरुतुरु येतं!