कॅनडा पीआर: फाइल कुणी वाचण्याआधीच परत येऊ नये म्हणून या चुका टाळा

ऐरोली, महापे किंवा घोडबंदर रोडच्या ऑफिसांत कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथल्या कायमच्या वास्तव्याचा, विषय निघाला की सगळं बोलणं पॉइंट्सभोवती फिरतं. सीआरएस (उमेदवारांचा क्रम लावणारे एकूण गुण) किती झाला, कट-ऑफ कुठे गेला, आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी का. अर्ज करण्याचं निमंत्रण आलं की पेढे वाटले जातात आणि इथेच बरेच जण सैल पडतात. एक्सप्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीचं निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला फक्त 60 दिवस असतात, आणि तो भरल्यावर त्याची पहिली तपासणी होते ती कागद पुरे आहेत का एवढ्याचीच.

हा कम्प्लीटनेस चेक. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या दहाव्या कलमावरून त्याला आर10 असंही म्हणतात. तुमचा अनुभव किती दमदार आहे हे या टप्प्यावर कुणी जोखत नाही. फॉर्म, फी आणि मागितलेला प्रत्येक कागद आहे का, एवढंच बघतात. काही राहिलं असेल तर अर्ज परत येतो. प्रोसेसिंग फी परत मिळते, पण निमंत्रण गेलेलं असतं. पुन्हा पूलमध्ये, म्हणजे निमंत्रणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, जायचं आणि तिशी उलटली असेल तर दर वाढदिवसाला वयाचे गुण घटत जातात.

सबमिट केल्यावर येणारं एओआर पत्र म्हणजे नुसती पोच. ते बघून ‘फाइल पास झाली’ समजून नोकरीचा राजीनामा देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ अनुभवपत्रात होतो. आपल्याकडे एचआर जे देतं ते साधारण असं असतं: अमुक यांनी या तारखेपासून या तारखेपर्यंत ‘सीनियर कन्सल्टंट’ म्हणून काम केलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली शिक्का. कॅनडाला यातलं फार थोडं उपयोगाचं. त्यांना लेटरहेडवर हुद्दा, प्रत्यक्ष करत असलेली कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क लागतो. कामांचं वर्णन निवडलेल्या एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक) जुळायला हवं. हुद्द्याचं नाव जुळलं म्हणून भागत नाही. आणि कोडचं वर्णन शब्दशः उतरवून काढू नका, अधिकाऱ्याला ते लगेच कळतं. कंपनी असं पत्र देतच नसेल तर मॅनेजरचं स्वतंत्र पत्र, सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, पीएफचं पासबुक आणि कंपनी का देत नाही हे सांगणारं खुलासापत्र, सगळं एकत्र जोडा. एचआरशी हे बोलणं निमंत्रणाची वाट न बघता आधीच सुरू करा.

दुसरी चूक म्हणजे आधी गेलेल्या मित्राची चेकलिस्ट वापरणं. पूर्वी मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, नंतर मागवायचे. 21 ऑगस्ट 2025 पासून एक्सप्रेस एंट्रीच्या अर्जासोबतच मेडिकल लागतं, तेही आयआरसीसी या कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडूनच. फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही.

पीसीसीला, म्हणजे पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याला, वेळ ठेवा. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट मिळाली तरी पासपोर्टवर डोंबिवलीचा पत्ता आणि राहणं खारघरला भाड्याने, असं असेल तर पोलीस पडताळणी रेंगाळते. गेल्या दहा वर्षांत दुबईला किंवा आणखी कुठे सलग सहा महिने राहिला असाल तर त्या देशाचाही दाखला लागतो.

वैयक्तिक इतिहासात दहा वर्षांत एकही महिना रिकामा सोडू नका. एमपीएससीचा अभ्यास करत घरी होता, तर तसंच लिहा. तिथे गेल्यावरच्या खर्चासाठी दाखवायच्या निधीत फ्लॅटची किंमत धरली जात नाही, त्यामुळे बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक यायला हवी. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागतं. ते घरच्यांनी केलेलं चालत नाही, मग सासरे निवृत्त इंग्रजी शिक्षक का असेनात. लग्नानंतर पत्नीचं पहिलं नावही बदललं असेल तर जुनं नाव फॉर्ममध्ये नक्की लिहा.

अर्ज गेल्यावर शांतता असते. ‘काय झालं?’ असं विचारत दर आठवड्याला वेबफॉर्म (खात्याला ऑनलाइन चौकशी) पाठवून काही हलत नाही. मात्र मूल झालं, लग्न झालं, पासपोर्ट बदलला, तर लगेच कळवा. बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की 30 दिवसांत बोटांचे ठसे द्यायचे असतात.

एजंटमार्फत अर्ज करत असाल तर त्याचा परवाना कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक यादीत स्वतः शोधा. तो म्हणाला, ‘माझं नाव टाकू नका, तुम्हीच भरलाय असं दाखवू’, तर तिथूनच उठा. पैसे घेऊन मदत करणारा जाहीर केला नाही, तर त्याची जबाबदारी अर्जदारावर येते. परवानाधारक असला तरी भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत आणि अर्ज क्रमांक सबमिट झाल्याच्या दिवशीच मागून घ्या.