एका तारखेचे स्मृतिदिन फळ्यावर कसे लिहावेत

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या फळ्यावर दिनविशेष लिहिताना स्मृतिदिनाची नोंद बहुधा नाव आणि साल एवढ्यावरच आटोपली जाते. ती नीट कशी करावी, हे १० मार्च या तारखेवरून पाहता येईल. या तारखेला १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे आणि १९९९ मध्ये नाशिकमध्ये कुसुमाग्रजांचे निधन झाले.

नावे सालाच्या क्रमाने लावावीत; मोठेपणाचा क्रम ठरवणे हे फळा लिहिणाऱ्याचे काम नव्हे. त्यानंतर प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीच्या अखेरच्या दिवसांविषयी एक वाक्य लिहावे. सावित्रीबाईंनी मुलींना शिकवले, हे ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, सगळीकडे लिहिले जातेच. १० मार्चला लिहायचे ते प्लेगविषयी: मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन त्या गेल्या. एवढे एक वाक्य वाचले, तरी फळ्यासमोरचे मूल क्षणभर थांबते, हा माझा अनुभव आहे.

कुसुमाग्रजांच्या नोंदीत विष्णु वामन शिरवाडकर हे नावही द्यावे, कारण त्यांची नाटके त्याच नावाने ओळखली जातात. २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. वयाची ८७ वर्षे पूर्ण झाल्यावर अकराच दिवसांनी ते गेले, हे तेथे आवर्जून सांगावे. दोन्ही नोंदींना जोडणारा धागा असेल तर तोही लिहावा, मात्र ओढूनताणून आणू नये. येथे तो सहज सापडतो: दोघेही कवी होते, आणि सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

तारखेची खातरजमा सर्वांत महत्त्वाची आहे. लोकमान्य टिळकांचे निधन मध्यरात्र उलटल्यावर झाले, म्हणून त्यांची नोंद ३१ जुलैला न करता १ ऑगस्टलाच करावी. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते. अशा तिथी इंग्रजी तारखांच्या यादीत कायमच्या न बसवता दरवर्षी पंचांग पाहून लिहाव्यात. जुन्या युरोपीय तारखांबाबत अधिक सावध राहावे. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी वारले असे सर्रास लिहिले जाते. परंतु जुनीपेक्षा तेव्हा दहा दिवस पुढे असलेली नवी (ग्रेगोरियन) दिनदर्शिका स्पेनने १५८२ मध्येच स्वीकारली होती आणि इंग्लंडमध्ये ती १७५२ मध्ये आली, त्यामुळे त्या दोन मृत्यूंमध्ये प्रत्यक्षात किमान दहा दिवसांचे अंतर आहे.

संध्याकाळी फळा पुसण्यापूर्वी मजकूर, तो जेथून घेतला त्या पुस्तकाच्या नावासह, वहीत उतरवून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच पानावर नवे नाव किंवा दुरुस्ती लिहिता यावी, म्हणून खाली चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.