पाच फुटी टाकी: आधी यादी, मग पाणी, मासे शेवटी

माझ्या टाकीखालच्या स्टँडच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सहा जातींची नावं, प्रत्येकीपुढे पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी आणि संख्या. सहावं नाव खोडलेलं. हा कागद मी टाकी घरात यायच्या दोन महिने आधी लिहिला. अनेक जातींचे मासे एकत्र नांदवायचे असतील, तर कामाची सुरुवात काचेपासून नाही, या कागदापासून होते.

हे शहाणपण मला महागात पडून आलं. आधीच्या चार फुटी टाकीत मी २० निऑन टेट्रा आणि बटणाएवढी दोन एंजल पिल्लं एकाच दिवशी सोडली होती. सात महिन्यांनी निऑन उरले तीन. मेलेला मासा एकदाही सापडला नाही, म्हणून मी आजार समजून औषधं टाकत बसले. आजारबिजार काही नव्हता. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा, तोंडात मावेल ते तो गिळतो. पिल्लं मोठी झाली, निऑन तेवढेच राहिले.

म्हणून लांबी लिहायची ती दुकानातली नव्हे, दोन वर्षांनंतरची. साधा प्लेको बोटाएवढा मिळतो आणि फूटभराच्या पुढे जातो. बाला शार्कही फूटभर होतो आणि त्याला झुंड लागते. पंगॅशियस तर मीटरच्या घरात जातो. पाच फुटी टाकी त्याला वळायलासुद्धा पुरत नाही. ‘इतक्या लिटरला इतके इंच मासा’ या हिशेबावर विसंबू नका. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने साधारण आठपट होतो आणि घाण वजनाच्या मापात करतो. बारा इंचांचा एक मासा म्हणजे एकेका इंचाचे बारा मासे नव्हेत.

माझी यादी अशी: वरच्या थराला पर्ल गुरामी, एक नर आणि तीन माद्या. मधे काँगो टेट्रा ८ आणि रमीनोज टेट्रा २५. तळाला स्टरबाय कोरीडोरास १२ आणि एकच ब्रिसलनोज प्लेको. खोडलेलं नाव बोसमानी रेनबोचं. मासा देखणा, पण त्याला जड पाणी मानवतं आणि माझ्या नळाचं पाणी मऊ आहे. पाण्यात क्षार घालत बसण्यापेक्षा एक नाव खोडणं सोपं. तेव्हा यादी पक्की करण्याआधी नळाच्या पाण्याचा पीएच (आम्लता) आणि कठीणपणा (जड की मऊ) तपासून घ्या. झुंडीतल्या जातींची संख्याही कमी करू नका. सहा रमीनोज कोपऱ्यात दबून राहतात. पंचवीस असले की सगळे एका दिशेला पोहतात आणि एकदम वळतात. जाती कमी, संख्या जास्त, हे माझं ठाम मत आहे.

टाकी १५० बाय ६० बाय ६० सेंटीमीटर, काच १२ मिलिमीटर. रिकामी काचच शंभर किलोच्या आसपास भरते. त्यात साडेचारशे लिटर पाणी, साठ-सत्तर किलो वाळू, दगड, स्टँड धरले की सातशे किलोंच्या वर प्रकरण जातं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवू नका आणि ठेवलीत तर भिंतीलगत, मधोमध नको. मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर फिल्टरच्या नळ्या दुमडतात. खिडकीतलं थेट ऊन टाळा.

खाली चौकट नसलेल्या टाकीखाली फोमची शीट लागते. चौकटीवर बसणारी टाकी असेल तर फोम घालायचा नाही. मग दहा सेंटीमीटर पाणी भरून चारही कोपऱ्यांत पट्टी लावून उंची मोजा. माझ्याकडे उजवीकडे ४ मिलिमीटर फरक निघाला. पाणी काढलं, स्टँडच्या पायाखाली पातळ फळी सारली, पुन्हा भरलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण तिरक्या टाकीत एकाच सांध्यावर ताण येतो. काचेखाली मात्र पाचर मारायची नाही, जे काय करायचं ते स्टँडखाली.

यंत्रसामग्रीत माझा एकच हट्ट: सगळं दोन-दोन. तासाला हजार-बाराशे लिटर पाणी फिरवणारे दोन कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर बसणारे बंद डबे), आलटून पालटून धुवायचे, म्हणजे एकातले घाण पचवणारे जिवाणू कायम शाबूत. २०० वॅटचे दोन हीटर, तापमान २६ अंशांवर. चारशेचा एकच हीटर चालू स्थितीत अडकला तर मासे उकडतील; दोनशेचा अडकला तर निदान वेळ मिळतो. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी वळशाच्या टोकाशी ठिबकतं, बोर्डात शिरत नाही. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करा, त्याची तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. झाकण हवंच, मासे उडी मारतात.

वाळू बारीक आणि गुळगुळीत घ्या. कोरीडोरास तोंड खुपसून चरतात, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर तो दगड चुन्याचा, म्हणजे पाणी जड करणारा. मोठे दगड आधी काचेवर नीट बसवायचे, वाळू नंतर. लाकूड मी तीन आठवडे पिंपात बुडवून ठेवलं, तरी पाणी महिनाभर कोऱ्या चहासारखं होतं. त्याने माशांचं काही बिघडत नाही. मागे व्हॅलिसनेरिया लावली, लाकडावर अॅन्युबिअस आणि जावा फर्न दोऱ्याने बांधले. या दोघांचा आडवा जाड खोडका वाळूत पुरलात तर कुजतो. क्रिप्टोकोराइनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळतात, पण मुळं जिवंत असतात, उपटू नका. दिवा टायमरवर सहा तास. जास्त केलात तर शेवाळ हजर.

आता टाकी भरलेली, हिरवी, देखणी असते आणि त्यात एकही मासा नसतो. इथे माणसं घसरतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बेतात असलं तर चालतं. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. मासे नसताना या जिवाणूंना खाद्य म्हणून मी सुगंध वा साबण नसलेला अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका घातला आणि थेंबांच्या किटने रोज मोजत राहिले. नवव्या दिवशी अमोनिया उतरू लागला, नायट्राइटचा रंग गडद जांभळा झाला. विसाव्या दिवशी सगळं ठप्प. पीएच घसरला होता, कारण हे जिवाणू पाण्यातली क्षारता खात जातात आणि माझ्या मऊ पाण्यात ती मुळातच बेताची. अर्धं पाणी बदललं, गाडी पुन्हा सुरू झाली. अडतिसाव्या दिवशी घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य, नायट्राइटही शून्य. मग साठलेलं नायट्रेट घालवायला मोठा पाणीबदल केला, आणि तेव्हा कुठे मासे. चालू टाकीच्या फिल्टरमधला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रात्रभर ठेवून उडतं, क्लोरामीन उडत नाही. म्हणून डीक्लोरिनेटर, म्हणजे ही दोन्ही निष्प्रभ करणारं औषध वापरा, आणि पाइपने थेट टाकीत पाणी सोडत असाल तर मात्रा पूर्ण टाकीच्या हिशेबाने.

प्रत्येक नवा मासा आधी ६० लिटरच्या वेगळ्या टाकीत, चार आठवडे. तिसऱ्या तुकडीला, म्हणजे रमीनोजना, तिथेच पांढरे ठिपके आले. मुख्य टाकीत आले असते तर साडेचारशे लिटरला औषध मोजावं लागलं असतं. लांबून आलेली पिशवी उघडली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जहाल होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग उघडून लगेच मासे जाळीने उचलायचे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

क्रम: आधी काँगो, मग कोरीडोरास, मग रमीनोज, शेवाळ दिसू लागल्यावर ब्रिसलनोज, सगळ्यात शेवटी गुरामी, कारण नर जागा अडवतो. आधी सोडला असता तर अख्खी टाकी त्याची झाली असती. पहिल्या माशापासून शेवटच्यापर्यंत साडेपाच महिने गेले. टाकी अर्धी रिकामी दिसत होती तेव्हा येणारा-जाणारा विचारायचा, “अजून भरली नाही?” मी दार उघडून कागद दाखवायचे.

आता दर आठवड्याला १३० लिटर पाणी बदलते. पंधरा लिटरच्या नऊ बादल्या बाहेर, नऊ आत. दुसऱ्याच आठवड्यात मी लांब पाइप आणला, तुम्ही पहिल्याच दिवशी आणा. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत ठेवते. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच, आठवड्यातून एक दिवस उपास. वीज गेली तर बॅटरीवरचा हवापंप लावते. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला तर त्यातलं कुबट पाणी फेकून मगच चालू करते.

रोज सकाळी दिवा लागला की अर्ध्या तासाने रमीनोजची नाकं बघते. पाणी ठीक असेल तर नाक लालभडक, बिघडलं तर आधी तेच फिकं पडतं. गेल्या महिन्यात एकदा पंचवीसच्या पंचवीस नाकं गुलाबीसर दिसली. किट काढलं, अमोनिया किंचित चढला होता. स्टँडचं दार उघडलं तर उजवा फिल्टर गप्प. आदल्या दिवशी धुतल्यावर त्याचा प्लग लावायचा राहिला होता.