अमेरिकेतल्या थोर प्रशिक्षकांकडून आपल्या मंडळाच्या सरावात काय आणावं

मुलांच्या मोबाइलवर मायकेल जॉर्डन असतो, कोबी ब्रायंट असतो, व्यायामशाळेच्या भिंतीवर त्यांची वाक्यं असतात. मी प्रभादेवीत मुलींना कबड्डी शिकवते. वाक्यं चिकटवून खेळ सुधारलेला मी पाहिलेला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या खेळाडूंकडून काही घ्यायचंच असेल, तर त्यांच्या प्रशिक्षकांनी रोजच्या सरावात काय केलं ते घ्या. त्यातलं बरंचसं बिनपैशाचं आहे आणि मातीच्या मैदानावरही चालतं.

सुरुवात जॉन वुडन यांच्यापासून करा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्यांनी १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत बास्केटबॉलची १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. मध्ये सलग ८८ सामने त्यांचा संघ हरला नव्हता. हे गृहस्थ हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचे. टाचेशी किंवा करंगळीशी मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, आणि फोड आला की सराव बुडतो, इतका साधा हिशेब.

आपल्याकडे पहिली पाच मिनिटं अशाच तपासणीला द्या. मुलींना रांगेत उभं करा, हात पुढे. नखं वाढली असतील तर तिथंच नेलकटर हातात द्यायचा, नियमातच नखं कापलेली हवीत. कानातलं, कडं, पैंजण पिशवीत. मॅटवर खेळायचं असेल तर प्रत्येकीच्या बुटाची नाडी स्वतः बोटानं ओढून बघा. वरची गाठ घट्ट आणि खालच्या भोकांमधली नाडी सैल, हे हमखास सापडतं. अशा बुटात पाय आतल्या आत सरकतो आणि चढाईवरून गर्रकन मागे वळताना घोटा मुरगळतो. खालच्या भोकापासून एकेक करत नाडी आवळत वर या, दुहेरी गाठ मारा, आणि हे मुलींकडून करून घ्या. तुम्ही बांधून देऊ नका.

वुडन यांची दुसरी सवय म्हणजे कागद. रोज सहाय्यकांबरोबर बसून ते सरावाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक ठरवायचे आणि छोट्या कार्डावर लिहून मैदानात न्यायचे. मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरते. ६.३० तपासणी, ६.३५ वॉर्मअप, ६.५० कोपऱ्याची घोटा पकड, ७.०५ साखळी, ७.२० घड्याळ लावून चढाया. वेळ संपली की पुढचं. पकड जमली नसली तरी पुढचंच, ती उद्या पुन्हा. एका पकडीवर तासभर घालवला की उरलेल्या अकरा मुली नुसत्या उभ्या राहतात.

आणि बोलायचं कसं? १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ वुडन यांच्या सरावाला बसून त्यांच्या बोलण्याची नोंद करत होते. सुमारे तीन चतुर्थांश बोलणं निव्वळ ‘काय करायचं, कसं करायचं’ एवढंच निघालं. शाबासकी थोडी, रागावणंही थोडंच. चूक दिसली की ते आधी बरोबर करून दाखवत, मग खेळाडूनं केलं तसं, मग पुन्हा बरोबर. सगळं मिळून काही सेकंदांत. ‘लक्ष कुठंय तुझं?’ यातून कोपऱ्यातल्या मुलीला काहीच कळत नाही. ‘एक हात नाही, दोन्ही. पाय टेकला की धर, स्वतःकडे ओढ.’ एवढं सांगा, दाखवा, बाजूला व्हा.

जलतरणपटू मायकेल फेल्प्सची ती गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, पण तिच्या आधीचा भाग जास्त कामाचा आहे. १३ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि शेवटी त्याला भिंतही दिसेना. हात मोजत मोजत त्यानं शर्यत पुरी केली. सुवर्णपदक, आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम. हे नशीब नव्हतं. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी पूर्वी एका स्पर्धेत त्याचा गॉगल मुद्दाम पायाखाली घेऊन फोडला होता, अडचणीची सवय व्हावी म्हणून.

तेव्हा आठवड्यातून एकदा सराव स्वतःहून बिघडवा. गणपतीच्या मंडपाचे बांबू मैदानात येऊन पडायची वाट बघू नका. न सांगता शिट्टी मारा आणि सगळ्यांत भरवशाच्या चढाईपटूला बाहेर बसवा. कोर्टवर तिघी, चार गुणांची पिछाडी, पाच मिनिटं बाकी, आता खेळा. करो या मरोच्या चढाईला (दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची, गुण आणावाच लागणारी) बाकीच्यांना कडेनं ओरडायला लावा, म्हणजे वेळ सांगणाऱ्या मैत्रिणीचा आवाज पोचणार नाही. त्यासाठी चढाईच्या ३० सेकंदांत आपल्या लयीत किती वेळा ‘कबड्डी’ होतं ते प्रत्येकीला ठाऊक हवं. जोडीदारणीला घड्याळ देऊन मोजून घ्या.

ओरेगन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बोवरमन यांचं सूत्र छोटं आहे: एक दिवस कठीण, दुसरा हलका. आमच्याकडे दोघी विरारहून येतात. सहाच्या गर्दीत लोकलमध्ये उभं राहून येणं हासुद्धा व्यायामच धरा, आणि हलक्या दिवशी खरोखर हलकंच घ्या.

बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांचं मात्र काही उचलू नका. इंडियाना विद्यापीठाला तीन विजेतेपदं त्यांनी दिली हे खरं, पण १९८५ मध्ये भर सामन्यात कोर्टवर खुर्ची फेकणारेही तेच. आपल्या मैदानांवरही मुलींवर हात उगारण्याला शिस्त म्हणणारे आहेत, आणि त्यांच्याकडून मुली निघून जातात. मी त्यांतल्या काहींना पुन्हा मैदानावर आणलंय. हात वर गेला की अजून दचकतात त्या.

शेवटी पॅट समिट. १९७४ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. तेव्हा संघाची गाडी चालवणं आणि गणवेश धुणंही त्यांच्याकडेच होतं. पुढे १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं. मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट: त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. वर्गात पहिल्या तीन ओळींतच बसायचं, असा त्यांचा नियमच होता.

आपल्या मुली हरून खेळ सोडत नाहीत, दहावीला सोडतात. त्यामुळे हजेरीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे शाळा, इयत्ता आणि चाचण्यांच्या तारखा लिहा. चाचणीच्या आठवड्यात सराव अर्धा करा. दहावीतल्या मुलींना आठवड्यातून तीनच दिवस, दीड तास बोलवा, आणि हे वेळापत्रक जूनमध्येच घरी जाऊन आईच्या हातात द्या. फोनवर सांगून भागत नाही, घरीच जा.