दातखिळी बसली की कांदा आणायला धावू नका

बारावीची परीक्षा तोंडावर, घरात रोजची भांडणं, आणि पोरगी एकदम कोसळते. दातखिळी, हातपाय ताठ, डोळे घट्ट मिटलेले. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला की सुटकेचा सूर लागतो: "काही नाही हो, नाटकं आहेत."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. असा झटका डिसोसिएशनचा असू शकतो. त्यात जाणीव, आठवण आणि शरीरावरचा ताबा यांचा एकमेकांशी असलेला सांधा सुटतो. झटका खराच असतो, ती तो मुद्दाम आणत नाही. चिमटे काढून, नाक दाबून 'परीक्षा' घेण्याचे प्रकार तर बंदच करा.

दुसरं टोक म्हणजे फिट, म्हणजे अपस्मार, समजून वर्षानुवर्षं गोळ्या. अपस्मारात डोळे बहुधा उघडे असतात, झटका साधारण दोन मिनिटांत ओसरतो. डिसोसिएटिव्ह झटक्यात ते सहसा मिटलेले असतात, मान डावी-उजवीकडे हलते, प्रकार लांबतो. पण यावरून घरी निदान ठोकू नका. काहींना दोन्ही असतं. झटका नसताना काढलेला ईईजी नॉर्मल येऊनही अपस्मार असू शकतो. खात्रीची तपासणी म्हणजे व्हिडिओ-ईईजी, म्हणजे झटक्याचं चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी. तोवर मोबाइलवर झटक्याचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या मनाने तोडू नका.

अंगात येणंही डिसोसिएशनशी जोडलं जातं, पण तो सरसकट आजार नाही. जागरात, रूढीप्रमाणे येणारा संचार जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरणही विकारात धरत नाही. नको असताना, वारंवार येऊन कामधंदा, झोप बिघडवत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. भूत उतरवायला मारहाण करणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

उपचारातही घाई नडते. डिसोसिएशनवर अशी नेमकी गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषध मिळतं. मुख्य भर बोलण्याच्या उपचारावर. तिथेही "लहानपणी काय झालं ते आठव" म्हणून पहिल्याच भेटीत खणायला लावू नये. संमोहनाने काढलेल्या आठवणी चुकीच्याही असू शकतात. आधी झोप, सुरक्षितता, आणि भान सुटू लागलं की पाय जमिनीला टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घेण्यासारखे साधे सराव.

आणि एक, जे घरच्यांना पटायला वेळ लागतो: झटक्याच्या वेळी गर्दी करू नका, चांगल्या दिवशी तिच्याजवळ बसा.

कुणाला दाखवावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. झटका पहिलाच असेल, पाच मिनिटांपुढे गेला किंवा डोक्याला मार लागला, तर मात्र फोनवर विचारत बसू नका. थेट इस्पितळात न्या.