डाउनविंड फॉइलिंग शिकताना विंगचा आकार कसा निवडावा

हवाईतील माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मालिको नावाची एक अरुंद घळ समुद्राला मिळते. तेथून पाण्यात उतरून, ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी घेत, सुमारे 15 किलोमीटर पश्चिमेला काहुलुई बंदरापर्यंत जायचे, ही डाउनविंड फॉइलिंगची जगभर माहीत असलेली वाट आहे. शीड नाही, मोटर नाही. हातात वल्हे, पायाखाली फळी आणि फळीखाली पाऊण-एक मीटर लांबीच्या मास्टवर, म्हणजे खाली पाण्यात जाणाऱ्या दांड्यावर, बसवलेली पंखासारखी विंग (हा सगळा सांगाडा म्हणजे फॉइल) एवढाच सरंजाम. वाऱ्याने उठवलेल्या लाटेचा उतार पकडून एकदा फळी पाण्याबाहेर उचलली गेली की स्वार एका लाटेवरून दुसरीवर सरकत राहतो. माउईचा सर्फर काई लेनी याने 2016 च्या सुमारास माउईवर हे करून दाखवले, तेव्हापासून या खेळाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढत गेली. त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: पुढची, म्हणजे मुख्य विंग (मागे एक लहान विंगही असते) किती मोठी घ्यावी?

‘जितकी मोठी तितकी सोपी’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे महागात पडते.

पहिली पायरी: पाण्याबाहेर येण्यासाठी लागणारा वेग काढावा

विंगची उचल तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 75 किलो वजनाचा शिकाऊ स्वार आणि सुमारे 10 किलोची फळी-फॉइल, असे 85 किलो उचलायचे आहेत असे धरू. विंग ज्या कोनापर्यंत व्यवस्थित काम करते त्याच्या टोकाला नेली, म्हणजे उचल गुणांक (त्या कोनात विंग किती उचल देते ते दाखवणारा आकडा) 1 च्या आसपास मानला, तर खाऱ्या पाण्यात 1600 चौरस सेंटिमीटरच्या विंगला ताशी साधारण 11.5 किलोमीटर, 1200 च्या विंगला 13 आणि 900 च्या विंगला 15 किलोमीटर वेग लागतो. निव्वळ वल्ह्याच्या जोरावर ताशी 10 किलोमीटर ओलांडतानाच दमछाक होते, उरलेला वेग लाटेच्या उतारावरून मिळवावा लागतो. म्हणून 900 ची विंग नवशिक्यासाठी नाही. तिच्यावर उठता येते, पण नेमकी लाट नेमक्या क्षणी ओळखणाऱ्यालाच, आणि शिकाऊ माणसाकडे नेमकी तीच नजर अजून आलेली नसते.

दुसरी पायरी: लाट किती वेगाने पळते ते पाहावे

मोठ्या विंगचा मोह येथे आवरावा लागतो. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकाळावर ठरतो. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये 3 सेकंद असतील तर लाट ताशी सुमारे 17 किलोमीटर वेगाने पुढे जाते. 4 सेकंद असतील तर 22, आणि 5 सेकंद असतील तर 28. वारा 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटरच्या आसपास असताना मालिकोसारख्या खुल्या पाण्यात 4-5 सेकंदांच्या लाटा सहज मिळतात. 1600 ची विंग 11.5 वर उठते, पण तोच कोन कायम ठेवून 22 ला पोहोचली तर तिची उचल जवळजवळ चौपट होते. ती दाबून ठेवण्यासाठी स्वाराला सगळे वजन पुढच्या पायावर टाकावे लागते. मांडी पेटते, लक्ष लाटेवरून ढळते आणि विंग पाण्याबाहेर झेपावून स्वार तोंडघशी पडतो. त्यातच जाड, रुंद विंगला पाण्याचा रोध जास्त असल्यामुळे ती लाटेबरोबर राहू शकत नाही. लाट खालून निघून जाते आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून वल्हवण्यापासून सुरुवात होते. 1200 च्या विंगलाही हा त्रास होतो, पण तिची उचल तिपटीच्या आतच राहते आणि तेवढी पुढच्या पायाने आवरता येते.

तिसरी पायरी: क्षेत्रफळाइतकेच लांबीकडे पाहावे

माझ्या मते नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक येथेच होते. क्षेत्रफळाच्या आकड्यावर सगळा वाद घातला जातो आणि विंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती लांब आहे, हे कोणी विचारत नाही. मंद वेगात विंगला जो रोध होतो, त्याचा मोठा भाग उचल निर्माण करण्यातूनच येतो, आणि हा भाग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. 1200 चौरस सेंटिमीटरच्या दोन विंग घ्या, एक 85 सेंटिमीटर लांब आणि दुसरी 110. वेग आणि भार तोच असताना दुसरीचा हा रोध जवळपास 40 टक्क्यांनी कमी असतो. वल्हवताना, आणि उठल्यावर पायांनी झोका देत पुढच्या लाटेपर्यंत जाताना, हा फरक स्पष्ट जाणवतो.

लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ म्हणजे विंगचे आस्पेक्ट गुणोत्तर. वरच्या उदाहरणात ते अनुक्रमे 6 आणि 10 येते. शिकण्यासाठी 8 ते 10 योग्य. 12 च्या पुढच्या सडपातळ विंग अनुभवी स्वाराच्या हातात अप्रतिम धावतात, पण वेग किंचित कमी पडला की त्या एकदम बसतात आणि वळताना त्यांचे टोक पाण्याबाहेर येऊन हवा आत ओढली जाते. 6 च्या आसपासची आखूड विंग किनाऱ्यावरच्या फुटणाऱ्या लाटांसाठी ठीक, पण डाउनविंडसाठी ती दमवते.

खरेदी करताना विंगवरचा आकडा कशाचा आहे, हेही तपासावे. आर्मस्ट्राँगच्या अनेक विंगवर चौरस सेंटिमीटरमधले क्षेत्रफळ असते, तर ॲक्सिसच्या विंगवर मिलिमीटरमधली लांबी. दोन्ही उत्पादक न्यूझीलंडचे आणि दोन्ही आकडे हजाराच्या आसपास, त्यामुळे गोंधळ होतोच.

चौथी पायरी: स्वतःच्या वजनाला आणि पाण्याला जुळवावे

पहिल्या विंगसाठी दर किलो वजनामागे 16 ते 19 चौरस सेंटिमीटर, असा ढोबळ हिशेब मी सुचवीन. म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला 960 ते 1140, 75 किलोला 1200 ते 1425, आणि 90 किलोला 1440 ते 1710. वारा 20 नॉटच्या वर असेल आणि लाटा उभ्या असतील, तर खालचा आकडा घ्यावा. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या घळईत उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा नदीच्या प्रवाहाविरुद्ध वाहतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. तेथे लहान विंगवरही उठता येते. वारा 15 नॉटच्या आसपास आणि लाटा चपट्या असतील, तर वरचा आकडा. कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या दुपारी सुटणाऱ्या वायव्येच्या खाऱ्या वाऱ्यावर कोणाला प्रयत्न करायचा असेल, तर वरच्या आकड्याकडेच झुकावे. शिवाय वाळूचे उथळ बांध आणि मासेमारीची जाळी मास्टला अडकणार नाहीत, अशी वाट आधी हेरून ठेवावी.

फळी अगदी लहान असेल, तर विंगचा कोणताही आकार उपयोगी पडत नाही. स्वाराच्या वजनाच्या सुमारे 1.4 पट लिटर आकारमानाची, लांब आणि अरुंद फळी असेल तरच वर दिलेले हिशेब जुळतात.

पाचवी पायरी: मागची विंग आणि जागा

मागची लहान विंग फॉइलला पुढे-मागे डोलण्यापासून आवरते. सुरुवातीला ती 180 ते 220 चौरस सेंटिमीटरची असावी. सराव झाल्यावर लहान घेतली की वेग आणि वळण दोन्ही सुधारतात. मास्ट फळीवर पुढे सरकवला तर फॉइल लवकर उठते आणि पुढच्या पायावरचा ताण वाढतो; मागे नेला तर उलटे होते. एका वेळी एकच सेंटिमीटर हलवावे आणि त्या दिवशी दुसरे काहीही बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

सहावी पायरी: आकार कधी कमी करावा

दहापैकी सहा-सात वेळा उठणे जमू लागले, एका दमात पाच-दहा मिनिटे खाली न बसता जाता आले आणि त्या वेळात पुढचा पाय सतत जळत राहिला, तर विंग मोठी ठरू लागली असे समजावे. त्यानंतरची विंग 15 ते 20 टक्क्यांनी लहान घ्यावी, म्हणजे 1300 वरून 1050-1100 वर यावे. 850 वर थेट उडी घेऊ नये. उठणेच अजून जमत नसेल, तर नवी विंग घेण्याआधी सपाट पाण्यावर वल्हवण्याचा आणि बोटीच्या मागे किंवा ई-फॉइलवर (विजेच्या मोटरवर चालणाऱ्या फॉइलवर) उभे राहण्याचा सराव करावा, कारण तेथे अडचण बहुधा विंगची नसते. जुनी मोठी विंग मात्र लगेच विकू नये. वारा 14-15 नॉटवर रेंगाळणाऱ्या दिवशी, जोडीदार किनाऱ्यावर बसून असताना, पाण्यात उतरता येते ते तिच्यामुळेच.